दगडी पुलाचें अंतरंग

आपल्या चंद्रपूर शहराला गोंड राजांच्या काळचा दगडी परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या दरवाजांतून तुमच्यापैकीं कित्येकांची रोजची जा-ये होते. परंतु जें रोज दिसतें, तें आपण सहसा पाहत नाहीं. एखाद्या सुटीच्या दिवशीं मुद्दाम परकोटाजवळ जा. जेथें भिंतीचें तोंड ढासळलें असेल, तेथें क्षणभर थांबा आणि आंत काय आहे तें न्याहाळा. बाहेरून दिसतात ते ओळीनें बसविलेले घडीव दगड. त्यांच्या पाठीमागें असते ती भर. आतां स्वतःसच विचारा कीं, अशी भिंत शेंकडों वर्षें उभी राहते ती बाहेरच्या देखण्या दगडांच्या बळावर, कीं कोणासही न दिसणाऱ्या आंतल्या भरीच्या बळावर?

या प्रश्नाचें उत्तर एका आगगाडीच्या पुलानें फार मोठी किंमत घेऊन दिलेलें आहे. तो पूल आपल्या जिल्ह्यांतला नव्हे. तो सह्याद्रीच्या बोरघाटांतला. परंतु आपल्यासारख्या नदीनाल्यांच्या मुलखांत राहणाऱ्या मुलांनीं, आणि त्यांच्या पालकांनींही, त्याची हकीकत अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

आपल्याकडे आगगाडी आली ती मुख्यतः कोळशाच्या ओढीनें. १८६७ सालीं मुंबईकडील लोहमार्ग नागपुरास पोंचला. पुढें १८७० नंतरच्या दशकांत वर्ध्याहून एक फांटा वरोड्याच्या कोळशाच्या खाणीकडे आणण्यांत आला. तोच मार्ग कालांतरानें चांद्यावरून बल्लारपुरास गेला, आणि तेथून वर्धा नदी ओलांडून काझीपेठच्या बाजूनें दक्षिणेस मिळाला. चांद्याहून नागभीड व वडसा यांवरून गोंदियास जाणारा दुसरा मार्ग प्रथम अरुंद रुळांचा होता; आज तोही रुंद झालेला आहे. या मार्गांनीं जातांना गाडीचा आवाज एकाएकीं बदलतो, आणि खिडकींतून खालीं नदीचें पात्र दिसूं लागतें. सर्व उतारू नदीकडे पाहतात. पुलाकडे कोणी पाहत नाहीं. पूल आहे, हें आपण गृहीतच धरतों. परंतु पूल असा निर्धास्तपणें गृहीत धरतां यावा, यासाठीं किती परिश्रम करावे लागले व किती ठेचा खाव्या लागल्या, हें समजून घ्यावयाचें तर या देशांतील पहिले मोठे रेल्वे-पूल जेथें बांधले गेले, तेथपर्यंत मागें गेलें पाहिजे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली उतारूंची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. जेम्स बर्कले हा या कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता. ठाण्यापुढें खाडी आडवी आली. तिच्यावर दगडी कमानींचे पूल बांधून, आणि होड्यांच्या वाटेसाठीं मध्यें लोखंडी गाळा ठेवून, कंपनीनें १८५४ च्या मे महिन्यांत गाडी कल्याणास नेली. हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या रेल्वे-पुलांत या पुलांची गणना होते. परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. पुण्यास जावयाचें तर बोरघाट चढणें भाग होतें. आणि जी वाट बैलास किंवा तट्टास साधते, ती इंजिनास साधत नाहीं.

बोरघाटाच्या कामास १८५६ च्या आरंभीं हात घालण्यांत आला. घाटाखालील व घाटावरील मार्ग अगोदर तयार झाले. १८५८ पासून खंडाळ्याहून पुण्यास गाडी धांवूंही लागली. परंतु मधला घाट उतारूंना पालखींत बसून अगर तट्टावरूनच ओलांडावा लागे. अखेर १८६३ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाटांतील लोहमार्ग खुला झाला. सुमारें पावणेसोळा मैलांच्या, म्हणजे पंचवीस किलोमीटरांच्या, या चढणींत रूळ १,८३१ फूट वर चढत. त्यासाठीं पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि दऱ्यांवरून आठ मोठे कमानी पूल न्यावे लागले. चढ इतका खडा कीं, कांहीं ठिकाणीं सदतीस फूट पुढें जातांना गाडीस एक फूट वर चढावें लागे.

हें काम करणारे हात कोणाचे होते? १८६१ सालीं या घाटांत चाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. त्यांत दगड घडणारे पाथरवट होते, भिंत रचणारे गवंडी होते, सुरुंग लावणारे, माती वाहणारे, चुन्याची घाणी हांकणारे होते. कड्यावर पाऊल ठेवण्यास जागा नसे, तेथें मजूर कमरेस दोर बांधून लोंबकळत खडकास भोकें पाडीत. पटकी आणि ताप यांनीं त्यांच्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. १८५९ च्या आरंभीं मजुरीच्या तंट्यावरून मोठा दंगा झाला, आणि त्याच वर्षीं पहिला कंत्राटदार फेव्हिएल यानें काम सोडून दिलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यापासून थोड्याच आठवड्यांत आजारानें वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें, ॲडमसन व क्लाउझर या दोघां इंजिनिअरांच्या साहाय्यानें, तें कंत्राट तडीस नेलें. बर्कले यासही आपलें काम पुरें झालेलें पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. घाट खुला होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, अवघ्या बेचाळीस वर्षांचा असतां, तो इंग्लंडांत निवर्तला.

घाटांतील पूल दगडाचेच कां केले, असा प्रश्न तुम्ही विचाराल. त्याचें कारण उघड आहे. सह्याद्रि म्हणजे काळ्या फत्तराचीच रास. दगड जागच्या जागीं मिळत होता, आणि तो फोडणारे व घडणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या या देशांत होते. लोखंडी तुळया मात्र विलायतेंत घडवून जहाजांतून आणाव्या लागत. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तोंपर्यंत तो माल आफ्रिकेस वळसा घालून येई. अशा स्थितींत दगडी कमान हीच जवळची आणि सोयीची वाटावी, यांत नवल नाहीं.

कमानीची युक्ति फार जुनी, आणि समजण्यास फार सोपी आहे. दगडास दाबलें असतां तो पुष्कळ भार सोसतो. वांकविलें किंवा ओढलें असतां मात्र लवकर तुटतो. एखादी लांब फरशी दोन टोंकांस टेकवून मध्यें जड वस्तु ठेवली, तर ती वांकूं पाहते आणि मोडते. परंतु पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळांत एकाशेजारीं एक बसविले, तर वरचा भार प्रत्येक दगडास शेजारच्या दगडावर दाबून धरतो. कमान पुरी होईपर्यंत तिला खालून लांकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागतो. माथ्याचा शेवटचा दगड बसला, चुना धरला, म्हणजे सांगाडा काढून घेतात, आणि कमान स्वतःच्याच वजनानें घट्ट होऊन उभी राहते. तिच्यावरील भार खांबांत उतरतो, खांबांतून पायांत, आणि पायांतून खडकांत. भाराच्या या वाटेंत एक जागा जरी कच्ची राहिली, तरी बाकीच्या मजबुतीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं. बोरघाटांतील एक मोठा दगडी पूल जुन्या लेखांत ‘म्हाऊ की मली’ या नांवानें उल्लेखिलेला आहे. पन्नास पन्नास फूट रुंदीच्या आठ अर्धवर्तुळाकार कमानी, आणि पायापासून दीडशें फुटांहूनही अधिक उंची, असा तो भव्य पूल होता. एकावर एक अशीं दहा-बारा घरें रचलीं असतां जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवरून गाडी दरी ओलांडीत असे. पाहणाराचे डोळे दिपावेत, असेंच तें दृश्य असलें पाहिजे.

१८६७ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, हा पूल कोसळला. घाट खुला होऊन पुरीं साडेचार वर्षेंही झालीं नव्हतीं. ज्या सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, त्याच सालची ही गोष्ट.

पुलावर शत्रूनें तोफा डागल्या नव्हत्या. भूकंपही झाला नव्हता. पाऊस होता, पण सह्याद्रींत पाऊस पडावयाचाच. मग पूल कां पडला? चौकशीअंतीं मुख्य दोष दिसून आला तो आंतल्या बांधकामांत. बाहेरून खांबांचें तोंड घडीव दगडांचें व नीटनेटकें होतें. परंतु आंतील भर निकृष्ट होती, आणि तोंडाचा व भरीचा जसा एकजीव सांधा व्हावयास पाहिजे, तसा झालेला नव्हता.

हा दोष इतका घातक कां, तें समजण्यासाठीं चांगला खांब कसा रचतात हें पाहिलें पाहिजे. खालच्या थरांतील दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या थराचा सबंध दगड यावा लागतो; यास सांधा मोडणें म्हणतात. ठराविक अंतरावर तोंडाचे कांहीं दगड लांब घेऊन ते भिंतीच्या पोटांत खोलवर घुसवावे लागतात, म्हणजे तोंड आणि पोट यांची गांठ पडते. पोटांतले दगडही हातानें बसवून, त्यांच्यामधील प्रत्येक फट चुन्यानें व कपच्यांनीं भरावी लागते. चुना चांगला भाजलेला, घाणींत पुरता मळलेला हवा. आणि बांधकाम झाल्यावर तो धरेपर्यंत धीर हवा. हें सर्व न करतां आंत नुसते अनघड दगड लोटून वर पातळ चुना ओतला, तर तो खांब नव्हे; दगडी भिंतींचें एक पोतें होतें. पोत्यांत खडे भरून तें उभें करा आणि वरून दाबा. काय होतें? पोतें बाजूंनीं फुगतें. तसेंच येथें. वरून गाड्यांचा भार व हादरा, आणि आंत शिरलेलें पावसाचें पाणी. त्यानें कच्चा चुना धुपतो, भर खालीं बसते, आणि तोंडाच्या दगडांस आंतून बाहेर लोटूं लागते. बाहेरून पाहणारास मात्र अखेरपर्यंत सर्व कांहीं ठाकठीक दिसतें.

ही कच्ची भर कोणी घातली? कोणा एकाच्या माथीं दोष मारणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. काम दऱ्याखोऱ्यांत दूरवर पसरलेलें. देखरेख करणारे थोडे. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत घाई. मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखालीं लहान कंत्राटदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि सर्वांच्या खालीं रोजंदारीचा मजूर. प्रत्येकास वाटे कीं, दुसरा कोणी तरी पाहत असेल. शिवाय दगडी कामाची एक खोड अशी आहे कीं, दर्शनी थर वर चढला म्हणजे आंत काय घातलें आहे तें मापणाऱ्यास दिसत नाहीं. लांबी, रुंदी, उंची तेवढी मोजतां येते. सचोटी मोजावयाची फूटपट्टी अजून निघालेली नाहीं.

या अपघातानें सर्वांचे डोळे उघडले. कंपनीच्या इतर दगडी कामांची तपासणी करण्यांत आली. तींत अनेक ठिकाणीं असाच कच्चेपणा आढळला, आणि कित्येक कामें दुरुस्त करावीं लागलीं, कित्येक नव्यानें बांधावीं लागलीं. घाईनें वांचविलेला वेळ आणि भरींत वांचविलेला चुना यांची फेड अशी अनेक पटींनीं झाली. पुढें घाटांतील मार्गांतही फेरबदल झाले. पूर्वीं खंडाळ्याच्या खालीं गाडी थांबवून तिचें तोंड उलट करावें लागे. १९२९ च्या सुमारास नवा रस्ता काढून ती अडचण दूर करण्यांत आली. आज पुण्याहून मुंबईस जाणारा उतारू विजेच्या गाडींतून हा घाट सहज उतरतो, आणि खालच्या दरींत एके काळीं काय कोसळलें होतें, याची त्याला आठवणही नसते.

कोणी म्हणेल, दगडी कमानींचा भरंवसाच नव्हता. आगगाडीचा भार दगडास सोसवलाच नसता. तसें नाहीं. याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर अमेरिकेंत गेलें पाहिजे, कारण तेथें आपल्यापूर्वीं वीस-पंचवीस वर्षें लोहमार्गांवर दगडी पूल उभे राहूं लागले होते. बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वेचा कॅरल्टन पूल १८२९ सालीं पुरा झाला. त्याच रेल्वेनें १८३३ ते १८३५ या काळांत मेरिलंड प्रांतांतील पटॅप्स्को नदीवर टॉमस पूल बांधला. त्याचा इंजिनिअर धाकटा बेंजामिन लॅट्रोब. योगायोग असा कीं, या पुलासही आठच कमानी आहेत. त्याची लांबी ६१२ फूट. आणि तो सरळ नसून नदीवरून वळण घेत जातो. असला वळणदार दगडी पूल टिकावयाचा नाहीं असें भाकीत कित्येकांनीं केलें, आणि त्यास ‘लॅट्रोबचा वेडेपणा’ असें नांव ठेवलें. १८६८ सालीं, म्हणजे आपला बोरघाटांतील पूल कोसळला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, पटॅप्स्को नदीस भयंकर पूर आला. कांठची वस्ती उद्ध्वस्त झाली. पण पूल हलला नाहीं. १९७२ सालच्या मोठ्या पुरांतही तो उभा राहिला. तो बांधला तेव्हां इंजिनें अगदीं हलकीं होतीं. आज त्यांच्या कित्येक पटींनीं जड गाड्या त्याच कमानींवरून जातात.

या दोन पुलांची तुलना करतांना आपण न्यायबुद्धि सोडूं नये. टॉमस पूल उंचीनें पुष्कळ कमी आहे, आणि सह्याद्रीचा पाऊस तेथें नाहीं. तरीही कमानी दोन्हीकडे आठ, साहित्य दोन्हीकडे दगड, आणि तत्त्व दोन्हीकडे एकच. एक पूल पांच वर्षेंही टिकला नाहीं. दुसरा दोनशें वर्षांच्या जवळ येऊन अजून काम देत आहे. बाहेरून पाहणारास दोन्ही सारखेच भक्कम दिसले असते. फरक होता तो अंतरंगांत.

आतां या गोष्टीचा आपल्याशीं काय संबंध, तें सांगून पाठ संपवितों. आपले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांचे आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य नाल्यांचे. येथें पूल म्हणजे चैन नव्हे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढलें म्हणजे पलीकडच्या गांवांचा संबंध तुटत असे. मग आजारी माणसास दवाखान्यांत न्यावयाचें कसें, आणि मुलांनीं शाळेंत यावयाचें कसें, हा प्रश्न पडे. ज्यांनीं असे पावसाळे काढले आहेत, त्यांना पुलाची किंमत शिकविण्याची गरज नाहीं. आपल्या जंगलांतील एखाद्या लहानशा नाल्यावरील मोरी जेव्हां पहिल्याच पुरांत वाहून जाते, तेव्हां बहुधा पाण्याला दोष दिला जातो. पाणी दरवर्षीं येणारच. विचारावयाचा प्रश्न हा कीं, आंत काय भरलें होतें?

पालकांनाही एक विनंति आहे. परीक्षेचा निकाल हें मुलाच्या शिक्षणाचें दर्शनी तोंड होय. तें नीट असावें यांत गैर कांहींच नाहीं. पण तोंड उभारण्याच्या घाईंत आंतील भर कच्ची राहत नाहीं ना, पाठांतराच्या घडीव दगडांमागें समजुतीचा चुना पुरता बसला आहे ना, हें आपण पाहावें. दुसऱ्याच्या वहींतून उतरविलेलें उदाहरण त्या दिवशीं बरोबरच दिसतें. त्याचा कच्चेपणा कळतो तो पुढें, वर भार आल्यावर.

आणि विद्यार्थिमित्रहो, वडशाहून गडचिरोलीपर्यंत नव्या लोहमार्गास मंजुरी मिळालेली आहे. अशा मार्गांवर पुढेंही पूल बांधले जातील, तपासले जातील, दुरुस्त होतील. आणि तें काम आज तुमच्या वर्गांत बसलेल्यांपैकींच कोणी करील. कोणी इंजिनिअर होईल, कोणी कंत्राटदार, कोणी गवंडी, कोणी देखरेख करणारा कारकून. त्या दिवशीं कोणी पाहत नसतांना, थर वर चढण्यापूर्वीं, एकदां वांकून आंत पाहा. फट राहिली असेल तर भरा. त्या पुलावरून जाणारा उतारू नदीकडे पाहत राहील, पुलाकडे तो पाहणारही नाहीं. आणि त्याला तसें निर्धास्तपणें पाहतां यावें, हीच पूल बांधणाराची खरी पावती होय.